अप, ऑफ, आउट : इंग्रजीतल्या लहान शब्दांचे राज्य



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो त्यांनी हयातभर मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवले. त्यामुळे विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. आज मी इंग्रजीतल्या फ्रेजल व्हर्ब्जबद्दल आणि त्यांच्या जोडीने वाक्प्रचारांबद्दल बोलणार आहे. हा विषय व्याकरणाच्या तासापुरता आहे असे कुणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. आपली मुले दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकतात, परीक्षा पास होतात, इंग्रजीत अर्ज लिहितात, आणि दोन इंग्रज माणसे शेजारी बसून साध्या गप्पा मारू लागली की गांगरून जातात. त्यांना अवघड शब्द अडवतात का? मुळीच नाही. अडवतात ते गेट, पुट, टेक, गो, कम. आणि अप, ऑफ, आउट, इन, ऑन. पहिल्या इयत्तेत शिकलेले शब्द! असे का व्हावे?

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. या लहान शब्दांच्या जोड्यांना आपण अपवादांची अडगळ समजत आलो. प्रत्यक्षात इंग्रजीचे मूळ घर तेच आहे, आणि त्या घराची किल्ली मराठी माणसाच्या कनवटीला आधीपासून आहे.

एकच जोडी घेऊ. 'गो' म्हणजे जाणे, 'ऑफ' म्हणजे दूर, बाजूला. आता पाहा. दिवा 'गोज ऑफ' म्हणजे दिवा जातो. घड्याळाचा गजर 'गोज ऑफ' म्हणजे गजर वाजू लागतो. एक बंद होते, दुसरे सुरू होते, क्रियापद तेच! दूध 'गोज ऑफ' म्हणजे नासते. बंदूक 'गोज ऑफ' म्हणजे गोळी सुटते. एखादा माणूस माशांवरून 'गोज ऑफ' होतो म्हणजे त्याला मासे नकोसे होतात. आणि आजच्यासारखा कार्यक्रम 'वेंट ऑफ वेल' म्हणजे नीट पार पडला. विद्यार्थ्याने काय करायचे? सहा अर्थ पाठ करायचे? आपण वर्षानुवर्षे त्याला तेच सांगितले. त्याऐवजी त्याला विचारावे, की बाळा, मराठीत 'सुटणे' म्हणजे काय?

शाळा सुटते म्हणजे संपते. गाडी सुटते म्हणजे निघते. एक संपणे, एक सुरू होणे, क्रियापद तेच! गोळी सुटते, वारा सुटतो, वास सुटतो, तोंडाला पाणी सुटते, सवय सुटते, गणित सुटते. आपल्यापैकी कुणी हे अर्थ पाठ केले होते? कुणीही नाही. कारण त्या सगळ्यांच्या तळाशी एकच चित्र आहे: जे धरून ठेवलेले होते ते मोकळे झाले. 'गो ऑफ'च्या तळाशीही असेच एक चित्र आहे. जी वस्तू ज्या स्थितीत होती तिथून ती निघाली. दिवा पेटलेल्या स्थितीतून निघाला, गजर आणि बंदूक थोपवून धरलेल्या स्थितीतून निघाली, दूध चांगल्या स्थितीतून निघाले, माणूस आवडीतून निघाला. चित्र दिसले की घोकंपट्टीचे ओझे बरेच हलके होते.

आता थोडा इतिहास. तो सांगितल्याशिवाय हे असे का आहे ते उमगणार नाही.

जुन्या इंग्रजीत दिशा दाखवणारा शब्द बऱ्याचदा क्रियापदाच्या आधी, उपसर्गासारखा जोडला जाई. आपल्या संस्कृतात प्र, परा, अप, सम् हे उपसर्ग धातूच्या आधी येतात, तसेच काहीसे. 'अंडरस्टँड', 'विथस्टँड', 'ओव्हरकम', 'फरगिव्ह' हे त्या काळाचे अवशेष आजही इंग्रजीत आहेत. पुढे इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला स्कँडिनेव्हियातले लोक येऊन वसले. त्यांची भाषा इंग्रजीच्या जवळची होती. 'टेक', 'गेट', 'कॉल' ही रोजची क्रियापदे तिच्यातून आली. १०६६ साली नॉर्मन आले आणि राज्यकारभाराची, न्यायाची, सरदारांची भाषा फ्रेंच झाली. जुने उपसर्ग मागे पडू लागले. त्यांचे काम क्रियापदानंतर येणाऱ्या सुट्या शब्दांनी उचलले. शेतकरी, कोळी, सुतार, स्वयंपाकघरातल्या बाया या शब्दांत बोलत राहिल्या, आणि दरबारात, चर्चमध्ये, विद्यापीठांत फ्रेंच आणि लॅटिन शब्दांची रास वाढत गेली.

म्हणून इंग्रजीत आज जवळपास प्रत्येक गोष्टीला दोन शब्द सापडतात. विझवणे: 'पुट आउट' आणि 'एक्स्टिंग्विश'. सहन करणे: 'पुट अप विथ' आणि 'टॉलरेट'. पुढे ढकलणे: 'पुट ऑफ' आणि 'पोस्टपोन'. चौकशी करणे: 'लुक इंटू' आणि 'इन्व्हेस्टिगेट'. पहिला घरात बोलायचा, दुसरा कागदावर लिहायचा. आपल्याकडे आग 'विझवतात' आणि खात्याला 'अग्निशमन' म्हणतात, तोच प्रकार. आपण भारतीयांनी इंग्रजी शिकली ती कागदावरून. कचेरीतून, कायद्यातून, पाठ्यपुस्तकातून. त्यामुळे 'एक्स्टिंग्विश' आपल्याला आधी आले आणि 'पुट आउट' राहून गेले. इंग्रजाचे मूल नेमके उलट्या क्रमाने शिकते. दोन वर्षांचे पोर 'पुट इट डाउन' समजते, आणि 'एक्स्टिंग्विश' त्याला शाळेत भेटते.

ही अडचण आजच लक्षात आलेली नाही. १७५५ साली सॅम्युएल जॉन्सनने आपला प्रसिद्ध कोश छापला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने या जोड्यांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. अशी रचना इंग्रजीत इतर भाषांपेक्षा बहुधा अधिक आहे, परकीयांना सर्वांत जास्त त्रास हिचाच होतो, म्हणून आपण या जोड्या विशेष काळजीने नोंदवल्या, असे त्याचे म्हणणे. त्याला ते दिसले, कारण शब्दाचे अर्थ लेखकांच्या वापरातून शोधायची त्याची पद्धत होती. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र बऱ्याच उशिरा रूढ झाले. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकात ते आले, आणि ते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे स्मिथ यांनीच सांगितले. त्याच ऑक्सफर्ड कोशाच्या नव्या आवृत्तीत 'रन' या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले गेले आहेत. तीन अक्षरांचा शब्द! पळणे हा त्यातला एक अर्थ.

या लहान शब्दांच्या बळावर सगळी इंग्रजी सोपी करता येईल, असे एका विद्वानाला वाटले होते. केंब्रिजचे सी. के. ऑग्डेन. १९३० मध्ये त्यांनी 'बेसिक इंग्लिश' मांडली. एकूण ८५० शब्द, त्यात क्रियापदे फक्त १८. जगातल्या कुणीही ही भाषा थोड्या दिवसांत शिकावी अशी योजना. १९४३ मध्ये चर्चिलसारख्या माणसाने तिची जाहीर भलामण केली. अठरा क्रियापदांत जग कसे मावणार? उत्तर हेच: गेट, पुट, गिव्ह, टेक, गो यांना अप, डाउन, इन, आउट जोडून. कागदावर हिशेब बरोबर होता. 'एंटर' नको, 'गो इन' म्हणा. 'सरेंडर' नको, 'गिव्ह अप' म्हणा. पण शिकणाऱ्याची अवस्था काय झाली? त्याला 'सरेंडर' हा एक शब्द पाठ करावा लागला असता. आता 'गिव्ह' येते, 'अप' येते, आणि दोन्ही एकत्र आले की देणेही नाही आणि वरही नाही! शब्द ८५० राहिले, अर्थ हजारोंनी आत लपले. मला ऑग्डेनबद्दल आदर आहे, त्यांचा हेतू उदार होता. पण जी गोष्ट मोजायला सोपी ती शिकायला सोपी असतेच असे नाही, हे त्यांच्या योजनेत पुढे फार स्पष्ट दिसले.

मग या जोड्यांत काही नियम आहे की नाही? आहे, आणि तो शिकवता येतो.

'अप' घ्या. त्याचा पहिला अर्थ वर. पण 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप', 'टेअर अप' यांत वर काहीच जात नाही. इथे 'अप' म्हणजे पुरते, शेवटपर्यंत. ईट म्हणजे खा, ईट अप म्हणजे खाऊन टाक, पानात काही ठेवू नको. भांडे भरत भरत काठापर्यंत आले की काम पुरे होते, तेव्हा वर जाण्यातूनच पूर्णतेचा अर्थ निघाला असावा, असे मला वाटते. 'ऑन' म्हणजे चालू राहणे: 'गो ऑन', 'कॅरी ऑन', 'रीड ऑन'. क्रिकेटमधला 'फॉलोऑन' आपल्या गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. पहिल्या डावामागोमाग पुन्हा तुम्हीच फलंदाजी चालू ठेवा. मार्च २००१ मध्ये ईडन गार्डन्सवर लक्ष्मणने २८१ आणि द्रविडने १८० धावा काढल्या त्या याच 'ऑन'मध्ये. 'आउट' म्हणजे संपेपर्यंत किंवा उघडकीला येईपर्यंत: 'रन आउट ऑफ शुगर' म्हणजे साखर संपली, 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणे. प्रत्येक जोडी या नियमांत बसते असे मी म्हणत नाही. बऱ्याच बसतात, आणि ज्या बसत नाहीत त्या वेगळ्या काढून लक्षात ठेवता येतात.

शब्दांच्या जागेचाही नियम आहे, आणि तो न सांगितल्यामुळे आपल्या मुलांची वाक्ये फसतात. 'रन अप अ बिल' आणि 'रन अप अ हिल' ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. पहिल्यात बिल वाढवले, दुसऱ्यात टेकडीवर धावत गेले. बिल मध्ये घेता येते: 'रन द बिल अप'. टेकडी मध्ये घेता येत नाही. आणि बिलाऐवजी 'इट' हे सर्वनाम आले तर ते मध्येच यावे लागते: 'रन इट अप', 'पुट इट ऑफ', 'टर्न इट डाउन'. 'पुट ऑफ इट' असे इंग्रज कधी बोलणार नाही. उलट 'लुक आफ्टर हिम' मधला 'हिम' मध्ये येणार नाही. आणखी एक गंमतीची जोडी म्हणजे 'लुक ओव्हर' आणि 'ओव्हरलुक'. पहिल्याचा अर्थ नजरेखालून घालणे, दुसऱ्याचा अर्थ नजरेतून सुटणे. शब्द तेच, क्रम फिरला आणि अर्थ उलटा झाला.

श्रोतेहो, आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

इंग्रजीत ही करामत क्रियापदामागे लहान शब्द ठेवून होते. मराठीत ती दोन तऱ्हांनी होते. पहिली तऱ्हा इंग्रजीसारखीच आहे, फक्त क्रम उलटा. 'मागे' हा शब्द घ्या. मागे येणे, मागे पडणे, मागे टाकणे, मागे घेणे, मागे लागणे, मागे राहणे. राजीनामा मागे घेतात तेव्हा पाठीमागे काही जात नाही. पोरगा सायकलीसाठी बापाच्या मागे लागतो तेव्हा बाप पुढे चालत असेलच असे नाही. 'पुढे ढकलणे' तर 'पुट ऑफ'चा सख्खा भाऊच.

दुसरी तऱ्हा त्याहून श्रीमंत आहे, आणि तिथे मला थोडे रेंगाळायचे आहे. आपण तिला शाळेत संयुक्त क्रियापद म्हणून शिकलो. एकच 'लिहिणे' घ्या. मी पत्र लिहिले. मी पत्र लिहून ठेवले, म्हणजे पुढच्या कामासाठी. लिहून घेतले, म्हणजे कुणी सांगितले ते, किंवा स्वतःच्या उपयोगासाठी. लिहून दिले, म्हणजे दुसऱ्यासाठी. आणि कधी कधी त्यात बांधिलकीही आली, 'मी लिहून देतो, तो येणार नाही'. लिहून टाकले, म्हणजे एकदाचे डोक्यावरून उतरवले. लिहून काढले, म्हणजे सगळे, कष्टाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लिहून पाहिले, म्हणजे जमते का ते अजमावले. लिहून गेलो, म्हणजे ओघात, भान न राहता. नको ते लिहून बसलो, म्हणजे आता पस्तावतो आहे. लिहीत सुटलो, म्हणजे कुणाचे ऐकेना. ठेवणे, घेणे, देणे, टाकणे, काढणे, पाहणे, जाणे, बसणे, सुटणे. नऊ साधी क्रियापदे! यांतले एकही आपल्या मूळ अर्थाने आलेले नाही. 'लिहून बसलो' मध्ये कुणी बसत नाही, 'लिहून टाकले' मध्ये काही फेकले जात नाही. आणि तरी पाच वर्षांची मुलगी आईला 'दूध सांडून गेलं' म्हणते आणि 'मी सांडलं' म्हणत नाही. जबाबदारी कुणाची, हा नाजूक भेद तिला 'जाणे' या क्रियापदाने करता येतो. तिला कुणी यादी दिली होती का?

इंग्रजीतही 'राइट'भोवती असेच कुटुंब आहे. 'राइट डाउन' म्हणजे लिहून घेणे किंवा ठेवणे. 'राइट आउट' म्हणजे पूर्ण लिहून काढणे. 'राइट अप' म्हणजे टिपणांवरून नीट लेख तयार करणे. 'राइट ऑफ' म्हणजे हिशेबातून काढून टाकणे.

या शेवटच्या जोडीशी जरा थांबा, कारण तिने महाराष्ट्रात बराच गोंधळ घातला आहे. बँकांनी अमुक कोटींची कर्जे 'राइट ऑफ' केली अशी बातमी येते आणि गावागावांत चर्चा सुरू होते, की मोठ्यांची कर्जे माफ झाली, आमची का नाही? 'राइट ऑफ' म्हणजे माफी नव्हे. मराठीत त्याला निर्लेखन म्हणतात. वसूल होण्याची आशा मावळलेल्या कर्जासाठी बँक नफ्यातून तरतूद करते आणि ते कर्ज ताळेबंदातून काढते. कर्जदाराची देणेदारी तशीच राहते, वसुलीचे दावे चालू राहतात. माफी म्हणजे देणेच संपणे; त्यासाठी इंग्रजीत 'वेव्ह' हे क्रियापद आहे. बड्या कर्जदारांकडून वसुली नीट होते का, हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि जोराने विचारायला हवा. पण तो विचारणाऱ्याच्या हातात शब्द बरोबर असावा. दोन अक्षरी 'ऑफ'चा अर्थ न कळल्याने खरा प्रश्न बाजूला राहतो आणि चुकीच्या प्रश्नावर सभा गाजतात.

आपल्या इंग्रजीने स्वतःच्याही काही जोड्या घडवल्या आहेत. 'मी अमुक साली कॉलेजातून पास आउट झालो' असे आपण सर्रास म्हणतो. लंडनमधल्या माणसाला ते 'मी बेशुद्ध पडलो' असे ऐकू येते. हे निव्वळ अज्ञान आहे का? नाही. खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीत 'पासिंग आउट परेड' होते, ती ब्रिटिश लष्कराची चांगली रुळलेली भाषा आहे. तिथून तो प्रयोग आपण कॉलेजात नेला. कचेरीत फाइल 'पुट अप' करतात, तोही आपल्या सरकारी इंग्रजीचा जुना प्रयोग. याची लाज वाटायचे कारण नाही. मात्र 'कोप अप विथ' हा प्रयोग वेगळा. 'कीप अप विथ' आणि 'कॅच अप विथ' यांच्या कानात बसलेल्या चालीवर आपण 'कोप'लाही 'अप' चिकटवला. तो टाळावा. आपल्या माणसांत आपले प्रयोग चालतील. बाहेरच्याशी बोलताना त्याला काय ऐकू जाईल हे ठाऊक हवे.

ठाऊक नसले तर काय होते? याचे उत्तर दोन ठिकाणी पाहू.

पहिले ठिकाण इस्पितळ. महाराष्ट्रातून दरवर्षी डॉक्टर आणि परिचारिका ब्रिटनमध्ये जातात. बहुतेक डॉक्टरांना तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलची परीक्षा द्यावी लागते. त्यांची वैद्यकीय इंग्रजी उत्तम असते, कारण ती ग्रीक-लॅटिन आहे आणि पुस्तकात आहे. पण रुग्ण पुस्तकातले बोलत नाही. यॉर्कशरची म्हातारी 'व्हॉमिटिंग' म्हणत नाही, 'थ्रोइंग अप' म्हणते. चक्कर येऊन पडली तर 'पास्ड आउट', शुद्धीवर आली तर 'केम राउंड'. अंगावर पुरळ उठला तर 'केम आउट इन अ रॅश'. अशक्तपणा आला तर 'रन डाउन'. अन्नावरची वासना उडाली तर 'गॉन ऑफ माय फूड', म्हणजे पुन्हा आपला 'गो ऑफ'! आणि 'ही पास्ड अवे' म्हणजे माणूस गेला. 'पास्ड आउट' आणि 'पास्ड अवे' यांत एका लहान शब्दाचे अंतर, आणि अर्थात जीवन-मरणाचे. आपल्याकडे उलट दिशेने हाच प्रसंग येतो. मुंबईत शिकलेला परप्रांतीय डॉक्टर विदर्भातल्या खेड्यात जातो, आणि आजीबाई सांगते, 'पोटात कालवतंय, अंग मोडून आलंय, जिवाला बरं वाटत नाही.' कोणत्या कोशात शोधेल तो? त्या बाईचे दुखणे त्या शब्दांतच आहे.

दुसरे ठिकाण विमानतळ. २७ मार्च १९७७. कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे, लॉस रोडिओस विमानतळ, दाट धुके. के.एल.एम. आणि पॅनॅम यांची दोन बोइंग ७४७ विमाने एकाच धावपट्टीवर आदळली. ५८३ माणसे गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात याहून मोठा अपघात झालेला नाही. कारणे अनेक होती: धुके, गर्दी, घाई, एकाच वेळी बोलल्याने रेडिओवर आलेला अडथळा. त्यांत भाषाही होती. डच वैमानिकाकडून नियंत्रण कक्षाला इंग्रजीत असे सांगितले गेले, की आम्ही आता 'टेक-ऑफ'वर आहोत. त्याला म्हणायचे होते, की आम्ही उड्डाणासाठी निघालो. नियंत्रकाने समजून घेतले, की विमान उड्डाणाच्या जागी तयार उभे आहे. पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर शिस्त ठरली: 'टेक-ऑफ' हे शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचे, एरवी 'डिपार्चर' म्हणायचे. म्हणजे घरगुती जोडी काढून तिच्या जागी लॅटिन वंशाचा एकार्थी शब्द बसवला. मी इतका वेळ लहान शब्दांची बाजू मांडतो आहे, पण इथे मी निःसंशय त्या नियमाच्या बाजूने आहे. जिथे एका शब्दाला एकच अर्थ असणे गरजेचे आहे तिथे फ्रेजल व्हर्ब नको. ती कुठे वापरायची नाही हे कळणे हासुद्धा तिच्या ज्ञानाचाच भाग आहे.

आता वाक्प्रचारांबद्दल. हा प्रांत मोठा आहे, मी दोन-तीन गोष्टींवरच बोलेन.

वाक्प्रचार फोडता येत नाही, बदलता येत नाही. आपण 'हात टेकले' म्हणतो. 'हस्त टेकले' म्हणून पाहा! इंग्रजीतही तसेच. आणि तो ज्या समाजात घडला त्याचे जगणे पोटात घेऊन येतो. इंग्रज दर्यावर्दी, म्हणून चकित होण्याला ते 'टेकन अबॅक' म्हणतात. वारा समोरून फिरून शिडे डोलकाठीवर मागे दाबली गेली की जहाज जागच्या जागी थबके, त्यातून हा शब्द आला. आपण शेतकरी, म्हणून आपल्याकडे नांगर फिरतो आणि पेरले तसे उगवते. कधी दोन भाषांत एकच प्राणी येतो आणि गोष्ट निराळी असते. आपला 'बळीचा बकरा' बळी जातो. इंग्रजीचा 'स्केपगोट' हा शब्द विल्यम टिंडेल यांनी १५३० च्या सुमारास बायबलच्या भाषांतरात घडवला. त्या कथेत बोकड दोन असतात. एक बळी जातो, आणि दुसऱ्याच्या माथी सगळ्यांची पापे ठेवून त्याला रानात सोडून देतात. 'स्केपगोट' तो दुसरा. दोन्ही शब्द आज एकाच अर्थाने चालतात, तरी ज्याला फरक ठाऊक आहे तो भाषांतर करताना हात राखून करेल. आणि काही वाक्प्रचार परके असून आपले होतात. 'हिमनगाचे टोक' मराठी वर्तमानपत्रांत किती सहज येते! आपल्या समुद्रात हिमनग कुणी पाहिला? पण कल्पना नेमकी आहे, म्हणून भाषेने तिला ठेवून घेतले. परक्या शब्दाला मी दार लावणार नाही. जो कामाचा असेल तो राहील.

माझी तक्रार शाळांतल्या यादीबद्दल आहे. आपल्याकडे अजून मुले मुसळधार पावसाला 'कॅट्स अँड डॉग्स' लिहितात आणि गुण मिळवतात. इंग्लंडात आजचा तरुण ते क्वचितच बोलतो. त्याच मुलाला 'आय गिव्ह अप', 'हँग ऑन', 'इट टर्न्ड आउट' हे रोजचे प्रयोग कुणी शिकवत नाही, कारण ते शोभेचे दिसत नाहीत. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला आपण आधी काय शिकवू? 'जिवावर येणे', 'जिवावर बेतणे' आणि 'जिवावर उठणे' यांतला फरक शिकवू. एक कंटाळा, एक प्राणसंकट, एक खुनाचा इरादा! चुकला तर तो पुरता अडचणीत येईल. जे रोज लागते आणि जिथे चूक महागात पडते, ते आधी. यादीतला क्रम असा ठरावा.

यासाठी साधने नाहीत असेही नाही. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत होते. परक्या विद्यार्थ्याला नेमके काय अडते हे वर्गात पाहून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कोश केला. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डच्या नावाने जगभर पोचला. आपल्या कितीतरी घरांत तो आहे. १९८९ च्या कोबिल्ड फ्रेजल व्हर्ब कोशात शेवटी अप, ऑफ, आउट अशा लहान शब्दांची स्वतंत्र सूची दिली आहे, प्रत्येकाचे अर्थ उलगडून. दाते-कर्वे यांचा वाक्संप्रदाय कोश मराठीसाठी आहेच. हे तीन ग्रंथ शाळेच्या एका कपाटात शेजारी शेजारी असावेत असे मला फार वाटते.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. पिढी मोठी झाली, नोकऱ्यांना लागली. इंग्रजी लवकर सुरू करावी की उशिरा, यावर आपण पुष्कळ भांडलो. कोणती इंग्रजी शिकवावी, यावर फारसे बोललो नाही. ती चर्चा आता तरी सुरू व्हावी.

सभागृहात इंग्रजीचे बरेच शिक्षक बसले आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा वाक्प्रचारांची यादी फळ्यावर लिहू नका. आधी मुलांकडून 'लिहून ठेवले, लिहून टाकले, लिहून काढले' वदवून घ्या, त्यांतला फरक त्यांनाच सांगू द्या, आणि मग 'राइट डाउन, राइट आउट, राइट ऑफ' त्यांच्या पुढ्यात ठेवा. आठवड्याला एकच लहान शब्द घ्या, एक आठवडा 'अप', एक आठवडा 'ऑफ'. पाठ म्हणून दाखवायला सांगू नका, वाक्यात वापरायला सांगा. आणि ज्यांची मुले, सुना, जावई परदेशात इस्पितळांत, कचेऱ्यांत काम करतात त्या पालकांना विनंती, की ती माणसे सुट्टीवर येतील तेव्हा त्यांना एक तासभर आपल्या शाळेत घेऊन या, आणि तिथे त्यांच्या कानावर रोज काय पडते ते मुलांना ऐकवा.